बाग, भेळ आणि बी.कॉम.

आमच्या येरमाळ्याला बाग नाही. म्हणजे झाडं आहेत, सावली आहे, बसायला पार आहे, आणि पारावर बसणारी माणसं तर गरजेपेक्षा जास्तच आहेत. पण जिला फाटक आहे, फाटकावर वेळेची पाटी आहे आणि आत ‘फुले तोडू नयेत’ असं बजावलेलं आहे, अशी सरकारमान्य बाग नाही. त्यामुळे बाग ही वस्तू काय असते हे मला कळलं ते पाचवीत, शाळेच्या सहलीत. एस.टी.च्या खिडकीतून आळीपाळीने ओकाऱ्या काढीत आम्ही पुण्याच्या पेशवे पार्कात पोचलो. गुरुजींनी वाघ दाखवला, मोर दाखवला, फुलराणीत बसवून एक फेरी मारवली. रात्री उशिरा घरी आलो तेव्हा वडिलांनी विचारलं, “काय पाहिलंस?”

मी म्हणालो, “फाटकापाशी एक माणूस भेळ करत होता. कांद्याकडे न बघता कांदा चिरत होता. आणि एकाच वेळी चौघांचे सुटे पैसे परत देत होता!”

वडिलांनी कपाळाला हात लावला. “साठ रुपये भरले सहलीचे, आणि हा भेळवाला बघून आला! याला कॉमर्सलाच घालायला पाहिजे.”

पुढे त्यांनी मला खरोखरच कॉमर्सला घातलं. मी बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, लेजरची संगणकं झाली आणि माझ्या केसांची चांदी झाली. पण डोळ्यांची सवय तीच राहिली. बागेत गेलो की सौ. गुलाब बघते, मुलं घसरगुंडी बघतात, आणि मी कुंपणावरून बाहेरच्या गाड्या मोजतो. “तुम्हांला निसर्गात गोडी नाही,” असं सौ.चं मत आहे. मी म्हणतो, निसर्ग कुठे पळून जातो? गाडी मात्र उद्या तिथे असेलच असं नाही.

बागांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी राजे, इंजिनिअर आणि महापौर यांची नावं नीट नोंदवून ठेवली आहेत. फाटकाबाहेरच्या माणसाचा इतिहास मात्र सहसा कुणी लिहीत नाही. तो थोडासा लिहावा असं फार दिवस मनात आहे. माझी पात्रता एवढीच, की त्यातल्या एकाचं कर्जप्रकरण मी माझ्या हाताने केलं आहे.

पण सुरुवात घरापासून करू. बाग नाही असं लिहिलं खरं, त्यावर गावकरी मला चावडीवर उभं करतील. कारण आमच्याकडे आमराई आहे. येरमाळा म्हणजे येडेश्वरीचं गाव. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी निघते, चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात, आणि मग देवी आमराईत मुक्कामाला येते. पाच दिवस. ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात गाव गावाबाहेर येऊन बसतं. कवड्यांच्या माळा, परड्या, हळदीकुंकवाचे ढीग, खण-नारळ, रेवड्या, गोडीशेव, फुटाणे, भजी, बांगड्या, पिपाण्या आणि आकाशपाळणे. एरवी ज्या रस्त्यावर कुत्रं आडवं झोपतं, तिथे माणसाला उभं राहायला जागा मिळत नाही.

आमच्या गल्लीत एक कासारीण मावशी होत्या. त्यांचं आर्थिक वर्ष चैत्र ते चैत्र असे. बँकेचा मार्च-एन्ड तसा त्यांचा ‘चैत-एन्ड’. लेकीचं बाळंतपण, घराचा पत्रा, म्हातारीचा चष्मा, सगळं “जत्रा झाल्यावर बघू” या एका खात्यावर नावे पडत असे. पुढे कॉलेजात मागणी आणि पुरवठा यांच्या रेघा फळ्यावर एकमेकींना छेद देऊन गेल्या, पण मागणी म्हणजे काय हे मी आधीच मावशींच्या पथारीवर पाहिलेलं होतं. मागणी म्हणजे सात बायकांनी एकदम पुढे केलेले चौदा हात.

या आमराईने मला एक नियम शिकवला. देवी दर्शनाचे पैसे मागत नाही, आंब्याचं झाड सावलीचं भाडं घेत नाही. म्हणून माणसाच्या खिशात गोडीशेवेसाठी काही उरतं. फुकटाच्या शेजारी विकतचं खपतं. बागेच्या सगळ्या अर्थशास्त्राचा पाया हाच आहे. बाकीचं पुस्तकात आहे, आणि ते मी परीक्षेनंतर विसरलो आहे.

आता पुण्याला जाऊ. पुणेकरांना प्रत्येक इतिहास आपल्यापासून सुरू झालेला आवडतो, म्हणून नव्हे. पण बागांच्या बाबतीत त्यांचा दावा बळकट आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवलं. तळ्यात बेट, बेटावर बाग. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी तिथे गणपतीची स्थापना केली. विसाव्या शतकात तळं आटवून तिथे महानगरपालिकेची सारसबाग झाली, तरी पुणेकर अजून त्याला ‘तळ्यातला गणपती’ म्हणतात. पाणी गेलं म्हणून पत्ता बदलायचा, हे पुण्यात बसत नाही.

पेशव्यांच्या बागेबाहेर भेळवाला होता का? नसावा, असा माझा तर्क आहे. नौकेतून बागेत जाणारी मंडळी भेळ खात नसतात. बाग राजाची असते तोवर ती खर्चाची बाब असते. ती लोकांची झाली की मगच तिच्याभोवती जमेची बाजू उभी राहते. पेशव्यांच्या पुण्यातली दुसरी एक बाग पाहा, म्हणजे पटेल. नारो अप्पाजी खिरे हे पुण्याचे कारभारी. त्यांनी तुळशीच्या बागेच्या जागेत राममंदिर उभारलं आणि स्वतः तुळशीबागवाले झाले. मंदिराला माणसं आली, माणसांमागून दुकानं आली. आज तुळशीबागेत भातुकलीची भांडी मिळतात, बांगड्या, पिना, टिकल्या, पितळी देव आणि स्टीलचे झारे मिळतात. बाग तेवढी मिळत नाही. उद्यानाचा स्थानिक व्यापारावर परिणाम होतो असं पंडित म्हणतात. तुळशीबागेत व्यापाराचा उद्यानावर परिणाम झाला, आणि तो संपूर्ण झाला.

मुंबईत तर हा प्रकार आणखी सर्रास. गिरगावात फणसवाडी आहे, केळेवाडी आहे. फणस आणि केळी बाजारातून विकत आणावी लागतात.

सर्व लोकांसाठी, सरकारी पैशाने बाग करायची ही कल्पना तशी नवी. इंग्लंडात लिव्हरपूलच्या पलीकडे बर्कनहेड म्हणून गाव आहे. तिथे १८४७ साली जोसेफ पॅक्स्टन याने आखलेली बाग लोकांना खुली झाली. गावकारभारी मोठे हिशेबी. त्यांनी बागेला लागेल त्याहून जास्त जमीन घेतली, सव्वाशे एकरांत बाग केली आणि भोवतालची जमीन घरांसाठी विकायला काढली. समोर बाग आहे म्हटल्यावर जमिनीला भाव आला. म्हणजे बागेने आपला खर्च आपणच फेडायचा, अशी योजना. आमच्या बँकेत याला ‘सेल्फ-लिक्विडेटिंग’ प्रकरण म्हणतात, आणि असं प्रकरण आलं की मॅनेजर स्वतः चहा मागवतात.

१८५० साली फ्रेडरिक ओल्मस्टेड नावाचा अमेरिकन तरुण ही बाग पाहून गेला. पुढे त्याने आणि कॅल्व्हर्ट वॉक्स याने मिळून न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं. ओल्मस्टेड झाडांवर प्रेम करणारा होता, पण हिशेबालाही कच्चा नव्हता. बागेच्या सभोवारच्या तीन वॉर्डांतल्या मालमत्तेची सरकारी किंमत १८५६ साली सुमारे २ कोटी ६४ लाख डॉलर होती. १८७३ साली ती सुमारे २३ कोटी ६० लाख झाली. सतरा वर्षांत जवळजवळ नऊपट! करवसुलीच्या या आकड्यांनी नगरपित्यांची तोंडं बंद झाली. जगात जिथे जिथे बाग करायची तिथे तिथे पुढे हा आकडा दाखवण्यात आला.

आता माझ्यातला कारकून इथे अडतो. नऊपट झालेली रक्कम कुणाच्या खात्यावर जमा झाली? जमीनवाल्याच्या. त्याने काय केलं? काही नाही. तो घरी बसला होता. समोर बाग झाली. आणि ज्यांना उठवून बाग केली ते? त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बहुतेक कृष्णवर्णीय लोकांची. स्वतःची घरं, चर्च, शाळा असलेली, सव्वादोनशेच्या आसपास माणसं. १८५७ मध्ये ती उठवली. सगळ्या जागेवरून मिळून सुमारे सोळाशे माणसं हलवली गेली. त्यांच्या पायाखालच्या जमिनीचा भाव वाढला, पण ती तोवर त्यांच्या पायाखाली नव्हती.

त्याच शहरात २००९ मध्ये जुन्या मालगाडीच्या उंच रुळांवर ‘हाय लाइन’ नावाची बाग झाली. माणसांची रीघ लागली. भाडी इतकी चढली की भोवतालच्या कित्येक जुन्या छोट्या दुकानदारांना गाशा गुंडाळावा लागला. दीडशे वर्षांत नियम बदलला नाही. बागेची हवा सगळ्यांना मिळते. बागेचं भाडं मात्र मालकालाच मिळतं. ज्याचा गाळा स्वतःचा तो बागेला दुवा देतो, ज्याचा भाड्याचा तो पहिले सहा महिने दुवा देतो.

परत आपल्याकडे येऊ. मुंबईला भायखळ्याची राणीची बाग १८६२ च्या नोव्हेंबरात लेडी फ्रियर यांच्या हस्ते उघडली. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली, आणि आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. मराठी माणसाच्या तोंडी मात्र ती राणीचीच राहिली. गिरणगावातल्या बायका मुलांना घेऊन “राणीच्या बागेत” जात आणि येताना फुगा घेऊन येत. २०१७ मध्ये पेंग्विन लोकांना बघायला खुले झाले आणि प्रवेशाचे पाच रुपये होते ते मोठ्या माणसाला पन्नास झाले. आई, बाप आणि दोन मुलं मिळून शंभर. पेंग्विनला थंड हवा लागते, ती फुकट येत नाही, हे कबूल. पण मी आपला कोष्टक मांडून बसलो. बाप घरून दोनशे रुपये घेऊन निघाला असेल, तर पूर्वी जास्तीत जास्त वीस रुपये फाटकावर जात आणि निदान एकशेऐंशी रुपये रस्त्यावर उरत. आता शंभर फाटकावरच गेले. म्हणजे पेंग्विनच्या बर्फातला थोडा बर्फ बाहेरच्या गोळेवाल्याच्या लाकडी पेटीतून गेला, असं म्हणायला जागा आहे. उलट बाजूही आहे. पेंग्विन बघायला जास्त माणसं आली, तर गोळेवाल्याचं नुकसान भरूनही निघेल. अर्थशास्त्रात प्रत्येक बाजूला उलट बाजू असते. म्हणून तर त्याला तीन पेपर असतात.

दादरच्या शिवाजी पार्काला मात्र तिकीट नाही, फाटकही नाही. १९२५ मध्ये मैदान झालं, १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवरायांचं नाव मिळालं. भोवती एक कट्टा आहे. त्यावर बसायला पैसे पडत नाहीत, उठायला कुणी सांगत नाही. आणि जो माणूस तास-दीड तास फुकट बसतो, त्याला भूक लागते. कट्ट्याभोवतीच्या गल्ल्यांतल्या वडे, साबुदाणे आणि पीयूष यांच्या व्यवसायाला हे माणसाचं बसणं हेच मोठं भांडवल आहे. बँकेत आम्ही गिऱ्हाइकांना बसायला बाकं ठेवतो, पण ती मंडळी ताजीतवानी होऊन आमच्याशीच भांडतात; म्हणून आमचा धंदा वाढत नाही.

बागेबाहेरच्या सगळ्या गाड्या एकाच ठिकाणी का चिकटून उभ्या असतात, हे कोडं मला बरीच वर्षं सुटत नव्हतं. चार फाटकं असताना तीन ओस आणि चौथ्यावर अकरा भेळवाले! एकेकाने एकेक फाटक वाटून घ्यावं, की नाही? त्याचं उत्तर हॅरोल्ड हॉटेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये देऊन ठेवलं आहे. (आडनाव खरं आहे. खाण्यापिण्याच्या धंद्यावर याहून अधिकारवाणीने कोण बोलणार?) तो म्हणतो, दोन विक्रेते एकाच रस्त्यावर असले, तर प्रत्येक जण दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढण्यासाठी त्याच्याकडे सरकत जातो, आणि शेवटी दोघे मधोमध पाठीला पाठ लावून उभे राहतात. पुण्याला सारसबागेशेजारी अशीच पाठीला पाठ लागून ‘चौपाटी’ उभी राहिली. समुद्र शंभर मैल दूर आहे, पण पुणेकर तेवढ्यासाठी अडून राहिले नाहीत. आमच्या सोलापूरला पार्क चौकात संध्याकाळी तेच दृश्य. पार्क कुठे आहे असं कुणी विचारलं तर सोलापूरकर पावभाजीच्या दिशेने हात करतो. आणि एकाच ठिकाणी दहा गाड्या असल्या म्हणजे सहकुटुंब माणूस निर्धास्त येतो, कारण एकाला पाणीपुरी, एकाला कुल्फी आणि आजोबांना नुसतं बसायला मिळतं. स्पर्धक हाच जाहिरातदार होतो. बँकांनी हे अजून शिकलेलं नाही.

इथवरचा इतिहास बागा उघडल्याचा झाला. बाग बंद पडते तेव्हाचा इतिहास वेगळा असतो, कारण तेव्हा फीत कापायला कुणी येत नाही. आमच्या मराठवाड्यात पैठणला जायकवाडीच्या धरणाशेजारी, म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान झालं. सहलींच्या एस.टी. गाड्या ओळीने लागत. रंगीत दिव्यांत नाचणारी कारंजी पाहून आमचे दुष्काळी डोळे दिपत. इतकं पाणी नुसतं वर उडवायचं आणि कुणी ओरडायचं नाही! पुढे त्या बागेची रया गेली, कारंजी थांबली, सहली दुसरीकडे वळल्या. वृत्तपत्रांत बागेच्या दुरवस्थेवर लिहून येत असे. बाहेर खेळणी मांडून बसणाऱ्यांच्या दुरवस्थेवर लिहायला वृत्तपत्रांत जागा नसते, कारण त्यांचं उद्घाटनच झालेलं नसतं. पुण्यातही तसंच. १९५३ चं पेशवे पार्क. १९५६ मध्ये तिथे फुलराणी धावू लागली. १९९९ मध्ये कात्रजला नवं प्राणिसंग्रहालय निघालं आणि हळूहळू सगळे प्राणी तिकडे गेले. प्राण्यांच्या दृष्टीने फार चांगलं झालं. पण पिंजऱ्यांबरोबर फाटकाबाहेरचा माझा तो भेळवाला कात्रजला नेला की नाही, याची कुठल्या फायलीत नोंद असेल असं वाटत नाही.

आता माझं कर्जप्रकरण.

माझी बदली एका तालुक्याच्या गावी झाली. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे माझं अजून खातं आहे. तिथे मोकळ्या पटांगणाच्या कडेला एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली भेळेचा गाडा होता. गाड्याच्या मालकाला सगळे मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. दिवसाला अर्धं पोतं मुरमुरे खपत. मग पटांगणावर नगरपालिकेची बाग झाली आणि योगायोगाने फाटक आलं ते बरोबर मामांच्या समोर! रविवारी दोन पोती मुरमुरे जाऊ लागले. मामांनी भाच्याला हाताशी घेतलं. कांदे-टोमॅटोवाली, बर्फवाला, फुगेवाला, सायकलचं पंक्चर काढणारा, सगळ्यांचं बस्तान बसलं. समोरच्या ओळीत अर्ध्या शटरमध्ये छत्र्या दुरुस्त करणारे एक चाचा होते, त्यांचं मात्र बिनसलं. मालकाने भाडं दुप्पट केलं. बागेत येणारा माणूस छत्री दुरुस्त करायला येत नाही. चाचा गेले, तिथे केकचं दुकान आलं. ओल्मस्टेडचा आकडा मी डोळ्यांनी पाहिला तो असा.

मामांच्या मागे एकच पीडा होती. बाग झाल्यावर गाडा ‘अतिक्रमण’ ठरला. महिन्या-दोन महिन्याला गाडी येई, दंड होई, पावती फाटे. मामा एकदा मला म्हणाले, “सायेब, मी लिंबाखाली आधी हुतो. बाग मागनं आली. मंग अतिक्रमण कुनी केलं, सांगा की तुमी.” मी विषय बदलून थोडी शेव जास्त मागितली.

पुढे बागेचं ‘सुशोभीकरण’ निघालं. सुंदर बाग आणखी सुंदर करण्यासाठी ती आधी बंद करावी लागते. फाटकावर निळे पत्रे उभे राहिले आणि ‘काम सहा महिन्यांत पूर्ण होईल’ अशी पाटी लागली. कुठले सहा महिने ते पाटीवर नव्हतं. पत्र्यांना दोन पावसाळे पाहून गंज चढला. मुरमुरे पुन्हा अर्ध्या पोत्यावर आले, मग पाव. भाचा हैदराबादला गेला. आणि नेमकं काम संपत आलं तेव्हा २०२० चा मार्च उजाडला. जगातल्या बागांना कुलुपं लागली. त्या दिवसांत मी बँकेत जाताना रोज त्या लिंबाकडे बघत असे. खाली गाडा उलटा करून ठेवलेला होता आणि त्याच्या चाकाला कुणीतरी कुत्रं बांधलं होतं.

जूनमध्ये केंद्र सरकारची पीएम स्वनिधी योजना निघाली. फेरीवाल्याला तारणाशिवाय दहा हजार रुपये, बारा महिन्यांत फेड, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्के सूट आणि पुढचं कर्ज मोठं. मामा मास्क लावून काउंटरवर आले. मी अर्ज भरायला घेतला. नाव, वय, व्यवसाय, भेळ. ‘व्यवसायाचे ठिकाण’ या रकान्यापाशी मामा थांबले. “लिंबाचं झाड,” म्हणाले. रकान्यात झाड बसत नव्हतं.

अडचण पुढेच होती. विक्रेता असल्याचं नगरपालिकेचं प्रमाणपत्र हवं. २०१४ च्या फेरीवाला कायद्याप्रमाणे फेरीवाल्यांची पाहणी व्हायची असते आणि पाहणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवायचं नसतं. समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असायला हवेत. कायदा वाचून मला भरून आलं होतं. पण त्या गावची पाहणी झाली ती बागेवर पत्रे असताना. मामा त्या महिन्यात बाजारात फिरून भेळ विकत होते. लिंबाखाली पाहणाऱ्यांना फक्त लिंब दिसला. यादीत नाव नाही. नियम होता, की नाव नसेल तर शिफारसपत्र चालेल; पण शिफारसपत्राला पूर्वीपासून धंदा करत असल्याचा पुरावा हवा.

मी मामांबरोबर नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या माझ्या समव्यवसायी बंधूंनी विचारलं, “वीस वर्षं गाडा लावता, याला आधार काय?”

मामांनी पिशवीतून प्लॅस्टिकची गुंडाळी काढली, तिच्यातून फडकं, फडक्यातून सुतळीने बांधलेला गठ्ठा. दंडाच्या पावत्या. तारीखवार लावलेल्या. “घ्या,” मामा म्हणाले. “सही तुमचीच हाय.”

मी मोजल्या. सत्तावीस होत्या. प्रत्येकीवर ठिकाण लिहिलेलं: उद्यानासमोर, लिंबाच्या झाडाखाली. बागेला तिकीट नाही असं आपण म्हणतो. मामा मात्र इतकी वर्षं ते काढत होते, आणि त्यांनी एकही अर्धुक फेकलेलं नव्हतं. पुण्यात पेशवे दप्तर आहे. त्यात रुमाल बांधून ठेवलेले कागद बघायला देशोदेशीचे विद्वान येतात. मला त्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून वाटलं, की छोट्या माणसाच्या व्यापाराचा इतिहास लिहायचा तर दप्तर हेच. त्याची आठवण सरकारने ठेवली ती फक्त त्याला उठवताना. खिडकीतले बंधू बराच वेळ पावत्या उलटत राहिले. मग काही न बोलता त्यांनी शिफारसपत्राचा कागद पुढे ओढला.

दहा हजारांतून मामांनी शेगडी, दोन डबे आणि पोतंभर मुरमुरे घेतले. हप्ता नऊशेच्या आसपास होता. दर महिन्याला ते नाण्यांची पिशवी घेऊन येत आणि मी रोखपालाची नजर चुकवून आत जात असे, कारण मोजायला तो मलाच बोलावी. बारा हप्ते झाले. एकही चुकला नाही. त्या वर्षी आमच्या शाखेत ज्यांची कर्जं थकली, त्यांच्यापैकी कुणाचाच गाडा लिंबाखाली नव्हता. बहुतेकांची ऑफिसं वातानुकूलित होती.

बाग पुन्हा उघडली ती खरंच देखणी झाली होती. फक्त सुशोभीकरणात फाटक पलीकडच्या रस्त्याला गेलं. मामांनी लिंब सोडला. नव्या फाटकाशी ‘फेरीवाल्यांना मनाई’ची पाटी आहे. ती जिथे संपते, त्याच्या वीतभर पुढे त्यांचा गाडा उभा असतो. वीस हजारांच्या दुसऱ्या कर्जाच्या अर्जावर ‘व्यवसायाचे ठिकाण’ या रकान्यात मी लिहिलं: पाटीच्या पुढे. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, पत्ता आहे. छत्रीवाले चाचा मात्र पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्याकडे पावत्या नव्हत्या. ते भाडेकरू होते, आणि भाडेकरूला उठवताना कुणी पावती फाडत नाही.

गेल्या चैत्रात रजा काढून गावी गेलो. आमराईत पालखी आली होती. मावशी आता नाहीत, त्यांची सून बांगड्या भरत होती. मुलाने विचारलं, “बाबा, या बागेला फाटक कुठे आहे?” मी म्हटलं, “नाही रे. म्हणून तर ही अजून चालू आहे.” मग सौ. देवीला गेली, मुलं पाळण्याकडे पळाली, आणि मी खिशातून पेन काढून गोडीशेवेच्या गाड्या मोजायला लागलो.